तोम्या मेला न्हाय

मला राग लवकर येतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की वर्षाराणी एवढ्यातेवढ्यावरून भडकली. एवढंतेवढं नव्हतंच ते. एका पोराच्या जिवाचा प्रश्न होता. आता तो पोरगा चित्रातला हाय, जपानातला हाय, न् कुणीतरी तिकडं बसून त्याला दर आठवड्याला शाईनं काढतं, हे मला ठाव हाय. तरीबी.

उमरग्याजवळ मुरुम गावात आमची पिठाची गिरणी हाय. एका अंगाला ज्वारी-गव्हाचं दळण, दुसऱ्या अंगाला तिखटाचं कांडप. मोटार, पट्टा, दगडाला टाकी लावणं हे आमच्या ह्यांचं, म्हणजे नंदीशचं काम. डबे घेणं, डबे देणं न् बायकांशी भांडणं हे माझं. दिवसभर माझ्या तोंडातनं निघतं काय, तर "बारीक का जाड?", "संध्याकाळी न्या", "अवो मावशी, लाईट गेली त्याला मी काय करू?" गिरणीच्या आवाजात तेबी वरडूनच. घरी जाईपर्यंत घसा बसलेला असतो न् दिवसभरात सांगण्यासारखं एक वाक्य बोललेलं नसतं.

त्यातनं मला मांगाचा नाद लागला. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. काळीपांढरी चित्रं, उजवीकडून डावीकडं वाचायची. आठवड्याला एकच प्रकरण येतं, वीसेक पानांचं, न् जिथं जीव टांगणीला लागतो नेमकं तिथं थांबतं. मग बसा सात दिवस नखं खात. रविवारी आपल्याकडं जेवायची वेळ होते तवा तिकडं सोमवार लागतो, न् नवं प्रकरण फोनवर येतं, फुकटात, इंग्रजीतनं. मी बी.ए. हाय. इंग्रजी वाचलेलं सगळं कळतं, बोलायला लागले की पट्टा घसरतो. म्हणून मी वाचते इंग्रजीत न् बोलते आपल्यात.

बोलते म्हणजे च्यानेलवर बोलते. 'गिरणीवाली' नाव हाय. रविवारी रात्री गिरणी बंद केली की उपड्या डब्यावर बसायचं, फोन पिठाच्या पिंपाला टेकवायचा न् लाइव्ह सुरू. पानं मी दाखवत न्हाय, ज्यानं काढली त्याच्या पोटावर पाय कशाला? ज्याला बघायची त्यानं तिथं जाऊन बघावी. मी फक्त वाचत जाते न् सांगत जाते, न् मला जे वाटतं ते तिथल्या तिथं बोलते. हसू आलं तर हसते, शिवी आली तर शिवी देते. सुरवातीला गल्लीतल्या चारदोन बायका पुढं बसायच्या. मग कुठं कुठं गेलेली आपली पोरं ऐकायला लागली, कुणी हैदराबादेत, कुणी पुण्याला, कुणी ट्रकवर. कमेंट येते, "ताई, थांबा जरा, धाब्यावर गाडी लावतो, मग पुढं वाचा." आता सांगा, असं माझ्यासाठी आयुष्यात कोण थांबलं होतं? आठवड्यातला तो एक तास माझा होता. त्याच्यावर कुणी हात टाकला तर मी गप बसणार न्हाय, हे उघड हाय.

घरात पयल्यांदा कुरबुर झाली. माझी सासू, शिवम्मा, तिला आमी अव्वा म्हणतो. ती सूप घेऊन दारात ज्वारी पाखडत बसायची न् म्हणायची, "त्या चित्रातल्या माकडांला काय बघायचं ग?" दोन महिन्यांनी एका रविवारी मला ताप होता, तर अव्वाच माझ्या उशाशी येऊन म्हणली, "त्या मिठाच्या पोराचं काय झालं, तेवढं सांगून झोप."

मिठाचा पोरगा म्हणजे तोमेकिची. आमच्या गिरणीत त्याचा तोम्या झाला. समुद्राकाठचं मीठ पिकवणारं गाव, न् त्या गावावर एक सरदार. मीठ पिकवायचं गावानं न् न्यायचं सरदारानं. तोम्यानं एका रात्रीत सरदाराचं मिठाचं कोठार गावाला उघडून दिलं, न् तिथनं पळापळ सुरू झाली. वर्षभर मी त्या पोराच्या मागं पळत होते. पायात काटा त्याच्या मोडायचा न् कळ मला यायची.

मग ते प्रकरण आलं. तोम्याच्या पाठीत बाण लागला न् तो कड्यावरनं खाली समुद्रात गेला. शेवटच्या पानावर नुसत्या लाटा. मी लाइव्हवरच फोन उपडा घातला. बायका म्हणल्या, "मेला का ग?" मी म्हणलं, "तोंड सांभाळून बोला." त्या रविवारी आमच्या घरात कुणी नीट जेवलं न्हाय, नंदीशबी. ते मांगा वाचत न्हाईत, पण घरातल्या दोन बाया तोंड पाडून बसल्यावर ते एकटे काय जेवणार?

पुढच्या रविवारी सगळं गाव गोळा झाल्यासारखी गिरणी भरली. प्रकरणात तोम्या कुठंच न्हाय. नुसती त्याची आई. झोपडी. दारात सरदाराचे दोन शिपाई मुक्काम ठोकून बसलेले, कारण सरदाराला प्रेत सापडलं न्हाय. घरात एका माणसापुरता तांदूळ शिपाईच मोजून देणार, पोरगा जित्ता असला तर आई त्याला चारंल म्हणून. अन् शेवटच्या पानावर, झोपडीच्या कोपऱ्यात, एक वाडगा. शिगोशिग भात भरलेला, न् त्यात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोवलेल्या.

मी डब्यावरनं उठूनच उभी राहिले. "जित्ता हाय!" म्हणलं. "अगं बघा की, आईनं पोराचं वाढून ठेवलंय! आमचे हे आधी ट्रकवर होते. हैदराबादहून यायला कितीबी उशीर होऊ दे, अव्वा ह्यांचं ताट वाढून झाकून ठेवायची. कोण ठेवतं वाढून? ज्याची वाट बघायची त्याचंच ना? आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला जेवायला वाढत न्हाईत, तो शिवाकडं गेला, त्याला कसली भूक? तोम्या जित्ता हाय, लिहून घ्या!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अव्वानं सूप खाली ठेवलं न् डोळे पुसले. मी लाइव्ह बंद करून घरी आले, पोटभर जेवले.

सकाळी फोन उघडला तर माझीच धिंड निघालेली.

उमरग्यात अमरनाथ नावाचा एक पोरगा हाय. औषधाच्या दुकानात बसतो न् त्याचंबी मांगाचं च्यानेल हाय, माझ्यापेक्षा लई मोठं. अभ्यास करून बोलतो, ते कबूल करावं लागंल. त्यानं माझ्या त्या उभं राहून वरडण्याचा तुकडा घातला होता न् खाली शांतपणे समजावून सांगितलं होतं: "मित्रांनो, जपानमध्ये भातात काड्या उभ्या खोवणं म्हणजे तो भात मेलेल्या माणसाचा. जिवंत माणसासमोर असा भात कुणी ठेवत नाही, अपशकुन मानतात. आईनं स्वीकारलंय. तोमेकिची गेला. मुरुमच्या आमच्या ताईंना कुणीतरी प्रेमानं सांगा, की ते ताट नाही, ते श्राद्ध आहे." न् शेवटी हसला.

तो हसला नसता तर मी ऐकून घेतलं असतं. खरंच. कारण मी शोधून बघितलं, तर तो म्हणतो तसंच होतं. काड्या उभ्या म्हणजे मेलेल्याचा घास. मला ते ठाव नव्हतं. आपल्या चुलीवरनं मी जपानची चूल ओळखायला गेले होते न् तोंडावर आपटले होते. माझ्या त्या वरडण्याखाली लोक हसून लोळत होते. "ताट झाकून ठेवा" म्हणून एकमेकांना पाठवत होते.

पण राग आला की माझ्या डोक्याचं न् तोंडाचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. मी भर दुपारी, गिरणी चालू असताना, तिखट उडत असताना लाइव्ह आले. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, बघणाऱ्याला वाटावं मी रडायलेय. म्हणलं, "अमरनाथ, ऐक. काड्यांचं तुझं बरोबर हाय, मला ठाव नव्हतं. पण तोम्या मेला न्हाय. मेला असंल तर मी हे च्यानेल बंद करते. परत कधी मांगावर तोंड उघडणार न्हाय. अन् जित्ता निघाला तर तू उमरग्याहून इथं यायचं, माझ्या गिरणीच्या दारात, हलगी वाजवत, न् शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार करायचा. हाय का हिंमत?"

तासाभरात त्याचं उत्तर आलं. "मंजूर, ताई. शाल कुठल्या रंगाची आणू?"

झालं. शब्द गेला. आमच्याकडं शब्द म्हणजे शब्द. नंदीशनी मोटार बंद केली न् मला म्हणले, "अगं, काड्यांचं त्याचं बरोबर हाय म्हणतीस, मग पैज कशावर लावलीस?" म्हणलं, "ती आई अजून रडली न्हाय."

"रडली न्हाय म्हणून?"

"व्हय. म्हणूनच."

त्यांनी परत मोटार चालू केली.

पुढचे रविवार कसे गेले ते माझं मला ठाव. दर प्रकरणात तो वाडगा दिसायचा. मी म्हणायचे, "बघा, भातातनं वाफ निघतीय, ताजा हाय, म्हणजे कुणीतरी खातंय!" तर अमरनाथ सांगायचा, मेलेल्याचा भात रोज नवा ठेवतात. मी म्हणायचे, "अरे, शिगोशिग भरलाय, एवढा कुणासाठी?" तर तो सांगायचा, मेलेल्याचा वाडगा असाच भरायची तिकडं रीत हाय. मी एक खुंटी ठोकावी न् त्यानं ती उपटावी. आधी जे ट्रकवाले धाब्यावर गाडी लावून ऐकायचे, तेबी लिहायला लागले, "ताई, जाऊ द्या आता. आमाला तुमचं बोलणं पाहिजे, तोम्या गेला तर गेला." त्यांना वाटायचं मी माघार घ्यावी. माघार घेणाऱ्याच्या पोटी जन्मले असते तर घेतली असती.

पण मनातनं मी भ्याले होते. दळण देताना हात चुकायला लागला. गव्हाचा डबा ज्वारीत ओतला न् दोन्ही बायका माझ्यावर तुटून पडल्या. मला सारखं वाटायचं, हे बंद झालं तर रविवारी रात्री मी काय करायचं? परत आपलं बारीक का जाड? परत घसा बसवून घरी यायचं न् भिंतीकडं बघत जेवायचं? हसू नका. चित्रातल्या पोराच्या मरणावर माझं तोंड अडकलं होतं, न् ते मीच अडकवलं होतं.

मग गुरुवारी फुटलं. मांगात हा एक रोग हाय. प्रकरण रविवारी येतं, पण तिकडं छापखान्यातनं का कुठनं कोण जाणे, गुरुवारीच पानं फुटतात. मी ती कधी बघत न्हाय, शपथ हाय माझी. पण न बघून भागतंय व्हय? दळणाला आलेली एक पोरगीच म्हणली, "ताई, तोम्याची मयत हाय ह्या वेळी." अमरनाथनं फुटलेलं तेवढं सगळं सांगितलं होतं. किनाऱ्याला प्रेत लागलं म्हणून गावानं काढलेली लाकडाची पेटी, गाव मागं चाललेलं, आई पुढं, न् प्रकरणाचं नावच 'निरोप'. त्यानं शेवटी जरा हळू आवाजात म्हणलं, "ताई, तुम्ही च्यानेल बंद करू नका. पैज मी माफ करतो."

माफ करतो! हे ऐकलं न् माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हरवलंस तर हरव रे बाबा, माफ काय करतोस?

त्या संध्याकाळी मी भाकरी थापता थापता थांबले. अव्वा शेजारी बसली होती. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला न् म्हणली, "होगली बिडू, पोरी." जाऊ दे म्हणून. अव्वाला वाईट वाटलं की ती कन्नडमधनं बोलती. मी म्हणलं, "अव्वा, तुमी सांगा. तुमचा पोरगा ट्रक घेऊन घाटात अडकला होता, दोन दिवस फोन लागला न्हाय. तवा लोक काय काय म्हणले. तुमी ऐकलं का कुणाचं?"

अव्वा म्हणली, "लोकांचं कशाला ऐकू? मला ऐकायचंच नव्हतं."

"मग मलाबी ऐकायचं न्हाय," म्हणलं, न् भाकरी तव्यावर टाकली. फुगली चांगली.

रविवारी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. मयतीला जमतात तशी माणसं जमलेली, न् तशीच हळू बोलत होती. नंदीशनी पोती रचून बायकांना बसायला केलं होतं. मी अंगावरचं पीठ झटकलं, तोंड धुतलं, बरी साडी नेसले. हरायचं तर नीटनेटकं हरावं. फोन पिंपाला टेकवला. कमेंटमधे पयलं नाव दिसलं ते अमरनाथचं. "ताई, मीबी हाय. सोबतच वाचू."

वाचायला लागले. फुटलं होतं ते सगळं खरं होतं. नाव 'निरोप'. पेटी निघाली. गाव मागं. सरदार स्वतः घोड्यावरनं आला, पेटीकडं बघितलं, न् कंबरेला हात लावून उभा राहिला. त्यानं पेटी उघडायला सांगितली न्हाय. गावाच्या मयतीत पेटी उघडायला लावली असती तर आख्खं गाव अंगावर आलं असतं, हे त्यालाबी कळत होतं. पुढं आई चालतीय. पाऊस न्हाय, वारा न्हाय, कोरडं तोंड. पेटी पुरली. सरदारानं मान हलवली न् शिपायांना म्हणला, आता इथं थांबायचं काम न्हाय. शिपाई गेले.

इथवर पानं फुटली होती. इथनं पुढचं कुणालाच ठाव नव्हतं, न् पुढची पानं थोडीच राहिली होती.

आई घरी आली. दार लावलं. कोपऱ्यातल्या वाडग्यासमोर बसली. एक आख्खं पान नुसती बसलेली. मग तिनं हात पुढं केला न् भातातल्या दोन काड्या उपसल्या.

मी म्हणलं, "काड्या काढल्या." माझा मलाच ऐकू आला न्हाय आवाज. बायका वरडल्या, "मोठ्यानं बोल की!"

"काड्या काढल्या!"

ती उठली. वाडगा पदराआड घेतला... म्हणजे त्यांच्यात पदर नसतो, त्या झग्याच्या बाहीआड घेतला. मागल्या दारानं निघाली. मिठाच्या कोठारात शिरली. एकावर एक रचलेली मिठाची पोती. तिनं एक पोतं बाजूला ओढलं, दुसरं ओढलं, न् अंधारात वाडगा पुढं धरला.

शेवटच्या पानावर अंधारातनं एक हात आलाय न् त्यानं वाडगा धरलाय. खाली एकच ओळ. पोरगा म्हणतोय, "आई, आज भात गार झालाय."

अव्वा पोत्यावरनं उठली न् तिनं आख्ख्या मुरुमला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "बंदा! बंदा!" आला, आला! न् मग गिरणीत जे झालं ते मला नीट सांगता येणार न्हाय. कुणी माझ्या गळ्यात पडलं, कुणी नंदीशच्या पाठीत गुद्दे घातले, कुणीतरी पिठाची मूठ वर उडवली न् सगळ्यांची तोंडं पांढरी झाली. मी डब्यावर उभी राहून वरडत होते, "मुडद्या, गार झालाय म्हणतोस! आईनं सरदाराच्या नाकावर टिच्चून तुला वाढलंय न् तुला गरम पाहिजे व्हय रे!" बोलता बोलता हुंदका फुटला. ह्या वेळी तिखटाचा न्हाय, खराच.

मग माझ्या ध्यानात आलं न् मी सगळ्यांना गप बसवलं. म्हणलं, "अरे, ऐका! त्या बाईला एका माणसापुरता तांदूळ मोजून मिळत होता. दुसऱ्यासाठी मागितला असता तर पोरगा जित्ता हाय हे कळलं असतं. मग तिनं काय केलं? मेलेल्याच्या नावानं मागितला! मेलेल्याच्या भाताला शिपाई न्हाय म्हणू शकला न्हाय. काड्या उभ्या खोवल्या त्या शिपायांसाठी न् भात शिजवला तो पोरासाठी!"

काड्यांचं अमरनाथचं बरोबर होतं, शंभर टक्के बरोबर होतं, न् म्हणूनच सरदार फसला, शिपाई फसले, न् तो स्वतःबी फसला. पेटीत काय पुरलं? मिठाचं पोतं, दुसरं काय!

कमेंट पळत होत्या. ट्रकवाले भोंगे वाजवलेले आवाज पाठवत होते. अमरनाथचं उत्तर मग दिसलं, "ताई, शालीचा रंग तुमी सांगितला न्हाय."

म्हणलं, "लाल आण! आन् हलगी कडक पाहिजे!"

आला. शब्दाचा पक्का निघाला पोरगा. बाजाराच्या दिवशी दुपारी एस.टी. स्टँडवरनंच हलगी सुरू झाली ती आमच्या गिरणीपर्यंत. लोक दुकानातनं बाहेर येऊन विचारायला लागले, कुणाचं लगीन हाय का निवडणूक जिंकली कुणी? आमच्या गल्लीतल्या बायका छाती काढून सांगत होत्या, "वर्षाराणीचा तोम्या जित्ता निघाला!" कोण तोम्या हे कुणाला ठाव नव्हतं, पण जित्ता निघाला म्हणल्यावर सगळ्यांनी हात जोडले. एका म्हाताऱ्यानं तर "पोराला आता जपा" म्हणून सांगितलं.

अमरनाथ किडकिडीत, चष्मेवाला. व्हिडिओत असतो त्याहून बुटका. नंदीशनी त्याला आधी पाणी दिलं. मग त्यानं माझ्या डोक्याला फेटा बांधायला लावला, लाल शाल पांघरली, नारळ हातात दिला न् फोन पुढं धरून सगळ्यांदेखत म्हणला, "मी चुकलो. ताई जिंकल्या." त्याचं च्यानेल बघणारी सगळी पोरं बघत होती. मी नाक वर करून उभी राहिले. का न राहावं? कमावलं होतं मी ते.

अव्वानं त्याला जेवायला बसवलं, हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली, वर तूप. जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ आला. फोन खिशात घातलेला होता. हळूच म्हणला, "ताई, खरं सांगा. तुमाला ठाव नव्हतं ना काड्यांचं?"

"न्हाय."

"मग वाफेवरनं ओळखलं? का तांदळाच्या मोजणीवरनं? मी सगळी प्रकरणं परत काढून बघितली. कुठंच पक्का पुरावा न्हाय. तुमाला कळलं कसं?"

मला कायतरी भारी सांगता आलं असतं. फेटा डोक्यावर होता, शाल अंगावर होती, मानला असता त्यानं.

"कळलं नव्हतं रे," मी म्हणलं. "तुला पुरावा बघून तो मेला वाटला. मला तो मरायला नको होता. त्याच्या आईलाबी नको होता. आमी दोघींनी ऐकलंच न्हाय कुणाचं."

अमरनाथनं चष्मा काढला, शर्टाला पुसला न् परत लावला. हलगीवाले तेवढ्यात आमच्याकडं बघून वाजवायचे थांबले होते, त्यांना वाटलं आमचं कायतरी गंभीर चाललंय.

मी फेटा सरळ केला न् त्यांच्यावर वरडले, "थांबलात का? वाजवा!"